कॉड दरवर्षी मोजला, तरी संपला: न्यूफाउंडलंडच्या साठ्याच्या मूल्यमापनाचं प्रकरण

१९८८ साली कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या न्यूफाउंडलंड बेटाच्या ईशान्येकडच्या समुद्रात कॉड मासा धरायची वर्षाची मर्यादा २,६६,००० टन होती. २ जुलै १९९२ ला ती शून्यावर आली. कॅनडाचे मत्स्यव्यवसाय मंत्री जॉन क्रॉस्बी यांनी दोन वर्षांची बंदी जाहीर केली आणि सुमारे ३०,००० माणसांचा रोजगार एका दिवसात बसला. दोन वर्षांची म्हणून लावलेली ही बंदी अधिकृतपणे उठायला २०२४ उजाडलं.

हा मासा न मोजता संपला असता तर त्यात अभ्यासण्यासारखं फार काही नव्हतं. पण इथे दर शरद ऋतूत सर्वेक्षणाचं जहाज निघत होतं, हजारो माशांच्या कानातले खडे कापून वयं वाचली जात होती, ट्रॉलरच्या नोंदवह्या तपासल्या जात होत्या. जगातल्या सगळ्यात बारकाईने मोजलेल्या माशांच्या साठ्यांत याची गणना होत असे. आकडेमोडीत कच्चेपणा नव्हता. दोन मोजमापं एकमेकांशी भांडत होती, त्या भांडणाचा अर्थ लावायला उशीर झाला. नेमकं कुठे घसरलं ते पाहू.

साठा कोणता

इंग्रजी मुलखात याला ‘उत्तरेकडचा कॉड’ म्हणतात. नाफो या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या नकाशावर २जे, ३के आणि ३एल हे तीन विभाग, म्हणजे दक्षिण लॅब्राडोरपासून ग्रँड बँकच्या उत्तर भागापर्यंतचा समुद्र. मासा सावकाश वाढणारा. त्या काळी मादी साधारण सहाव्या वर्षी अंडी घालू लागे आणि वीस वर्षं जगलेला कॉडही सापडे.

हिवाळ्यात तो उथळ समुद्राच्या बाहेरच्या कडेला, खोल पाण्यात, दाट थव्यांनी जमतो आणि वसंतात तिथेच अंडी घालतो. उन्हाळ्यात कॅपेलिन नावाच्या लहान माशाच्या मागे किनाऱ्याला येतो. त्यामुळे एकाच साठ्यावर दोन अगदी वेगळ्या मासेमाऱ्या उभ्या होत्या. किनाऱ्यावरचे छोट्या होड्यांचे मच्छीमार उन्हाळ्यात ट्रॅप लावत. ट्रॅप म्हणजे किनाऱ्यापासून आत जाणारी जाळ्याची भिंत आणि तिच्या टोकाला जाळ्याचीच एक चौकोनी खोली. मासा भिंतीला अडतो, तिच्या कडेने जातो आणि खोलीत शिरतो. आपल्या डोळीसारखंच हे एका जागी बसलेलं जाळं, माशाच्या मागे जात नाही, मासा येईल तेव्हाच भरतं. दुसरीकडे मोठे ट्रॉलर हिवाळ्यात थेट थव्यावर जात. पुढचं सगळं या फरकावर फिरतं.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथली वर्षाची पकड तीन लाख टनांच्या आत-बाहेर असे. मग युरोपातून गोठवणघर असलेले अवाढव्य ट्रॉलर आले. १९६८ मध्ये पकड ८,१०,००० टनांवर गेली आणि दहा वर्षांत १,४०,००० टनांच्याही खाली कोसळली. १९७७ मध्ये कॅनडाने २०० सागरी मैलांची हद्द जाहीर केली, परदेशी जहाजं बाहेर काढली आणि ठरवलं की आता शास्त्राच्या आधाराने, हात राखून मासा धरायचा.

‘हात राखून’ म्हणजे किती

नियम ‘एफ ०.१’ नावाचा होता (यातला ०.१ हा मृत्युदराचा आकडा नव्हे). एफ म्हणजे मासेमारीमुळे होणारा मृत्युदर, एम म्हणजे नैसर्गिक मृत्युदर: रोग, भूक, सील आणि मोठ्या माशांच्या तोंडी जाणं वगैरे. या साठ्यात नियमानुसार एफ सुमारे ०.२ ठेवायचा होता आणि एम ०.२ धरलेला होता.

०.२ म्हणजे २० टक्के नव्हे. दोन्ही मृत्यू वर्षभर सोबतच चालू असतात. वर्षात पकडला जाणारा वाटा काढायचा तर एफला एकूण मृत्युदराने भागायचं आणि वर्षभरात मरणाऱ्या एकूण हिश्श्याने गुणायचं. एफ ०.२ असेल तर एकूण दर ०.४, वर्षाअखेर ६७ टक्के मासे जिवंत, ३३ टक्के गेलेले. त्यातले निम्मे मासेमारीचे, म्हणजे साडेसोळा टक्के. याच रीतीने एफ ०.५ असेल तर वाटा ३६ टक्के, एफ १.० असेल तर ५८ टक्के.

आता समजा, आपण कागदावर जेवढा साठा धरला त्याच्या निम्माच समुद्रात आहे. मर्यादा टनांत ठरलेली असते, त्यामुळे साडेसोळाच्या जागी ३३ टक्के मासे निघतात. त्याचा एफ ०.४५ होतो, म्हणजे ठरवलेल्याच्या सव्वादोन पट. शिवाय ही चूक दरवर्षी साचत जाते, कारण पुढच्या वर्षी समुद्रात आणखी कमी उरलेलं असतं आणि कागद मात्र वाढ दाखवत असतो. नंतरच्या हिशेबांत आढळलं की ऐंशीच्या दशकात प्रत्यक्ष एफ ०.५ च्या आसपास आणि त्याहूनही वर होता. नियम ०.२ चा होता, आणि तो पाळला जातोय असंच सगळ्यांना वाटत होतं.

शेवटाकडून मागे मोजायची रीत

समुद्रातले मासे थेट मोजता येत नाहीत, म्हणून वयवार पकडीवरून उलटा हिशेब करतात. बंदरावर आलेल्या माशांतून प्रत्येक लांबीगटातले ठरावीक मासे निवडायचे, कानातला खडा काढायचा, मधोमध आडवा तोडायचा आणि झाडाच्या खोडासारखी वलयं मोजायची. त्यावरून लांबी-वय कोष्टक बनतं. मग फक्त लांबी मोजलेल्या हजारो माशांचा वयवार हिशेब लागतो: १९८० साली जन्मलेले मासे १९८५ मध्ये इतके धरले, १९८६ मध्ये इतके.

सूत्र सोपं आहे. वर्षाच्या सुरुवातीला असलेले मासे = वर्षाअखेर उरलेले × १.२२१ + त्या वर्षी धरलेले × १.१०५. (हे गुणक एम ०.२ धरल्यावरचे.) अडचण एवढीच की ‘अखेर उरलेले’ किती हे कुणालाच दिसत नाही. शेवटच्या वर्षाचा एफ कुठून तरी आणून बसवावा लागतो.

पुढचे आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत, कॉडचे नाहीत. एका सालच्या पिढीतून पाचव्या वर्षी ३० लाख, सहाव्या वर्षी ४०, सातव्या वर्षी ३० आणि आठव्या वर्षी २० लाख मासे धरले. आठवं वर्ष म्हणजे आत्ताचं, शेवटचं. या वर्षाचा एफ ०.२ धरला तर वर्षाच्या सुरुवातीला १२१ लाख मासे होते असं निघतं. एफ ०.५ धरला तर ५६ लाख. पकड तीच, कागद तोच, उत्तर सव्वादोन पट वेगळं. आता मागे चला. सातव्या वर्षाला १८१ विरुद्ध १०१. सहाव्याला २६६ विरुद्ध १६८. पाचव्याला ३५८ विरुद्ध २३८, म्हणजे तफावत दीड पटीवर आलेली. जितकं मागे जावं तितके दोन हिशेब जवळ येतात, कारण जुन्या वर्षांत ‘धरले गेलेले’ मासे प्रत्यक्ष मोजलेले असतात.

या पद्धतीचा स्वभावच असा: दहा वर्षांपूर्वी समुद्रात किती मासे होते ते ती चांगलं सांगते, आज किती आहेत ते सगळ्यात वाईट सांगते. पुढच्या वर्षीची मर्यादा मात्र आजच्याच आकड्यावर ठरते.

शेवटचं वर्ष बसवायचं कशावर

यासाठी बाहेरून एखादा निर्देशांक लागतो. न्यूफाउंडलंडमध्ये दोन होते.

पहिला, सर्वेक्षण. समुद्राचे खोलीनुसार पट्टे पाडायचे, प्रत्येक पट्ट्यात चिठ्ठ्या टाकाव्यात तशा जागा निवडायच्या आणि तिथे ठरलेलं जाळं ठरलेल्या वेगाने, ठरलेला वेळ ओढायचं. त्या काळी एंगेल नावाचं ट्रॉल साडेतीन नॉट वेगाने ३० मिनिटं ओढत. म्हणजे पावणेदोन सागरी मैल, सुमारे ३,२४० मीटर. तोंड १४ मीटर उघडलं असं धरलं तर एका ओढीत ०.०४५ चौरस किलोमीटर तळ झाडला जातो. दोन हजार चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात एकच ओढ झाली, तर खोल्यात (जाळ्याच्या टोकाच्या पिशवीत) आलेला प्रत्येक कॉड कागदावर ४४,००० कॉड होतो. दाट थव्यावर पडलेली एखादी ओढ त्या वर्षाचा आकडा आकाशात नेते, आणि थवा चुकला तर जमिनीवर आपटते. १९८६ च्या सर्वेक्षणात हेच झालं. आकडा अवचित वर गेला, आणि साठा सुधारतोय या समजाला दुजोरा मिळाला. एका वर्षात वयवार सगळेच मासे एकदम वाढले, अगदी सात-आठ वर्षांचेसुद्धा, तर ती वाढ खरी नसते, कारण सात वर्षांचा मासा एका वर्षात जन्माला येत नाही. आदल्या वर्षी सहा वर्षांचे जितके होते त्याहून यंदा सात वर्षांचे जास्त दिसले, की समजायचं, यंदाचं जाळं भाग्यवान होतं. ही तपासणी करायला कागद-पेन्सिल पुरते.

दुसरा निर्देशांक ट्रॉलरचा: तासाला किती टन मासा मिळाला. याचे आकडे भरपूर असतात, फुकट मिळतात, वर्षागणिक फार उड्या मारत नाहीत. सर्वेक्षणाचा आलेख दातेरी, ट्रॉलरचा गुळगुळीत आणि चढता. संगणकाला दोन्ही दिले की तो गुळगुळीत आलेखावर जास्त भरवसा ठेवतो, कारण त्याच्या लेखी कमी चढउतार म्हणजे कमी चूक. गुळगुळीत असणं आणि खरं असणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे त्याला कोण सांगणार?

ट्रॉलरचा आकडा का पडला नाही

ट्रॉलरचा कप्तान चिठ्ठ्या टाकून जागा निवडत नाही. तो थव्यावर जातो. ऐंशीच्या दशकात त्याच्याकडे सुधारलेली सोनार यंत्रं होती, जाळी सुधारली होती, गेल्या हंगामात मासा कुठे मिळाला हे पाठ होतं. साठा घटला की कॉड विरळ होत नाही. थवे कमी होतात, पण उरलेल्या थव्यात दाटी तशीच राहते, काही वेळा वाढतेही. जहाज थव्यावर पोचलं की तासाला मिळणारा मासा दहा वर्षांपूर्वीइतकाच.

हे आकड्यात मांडायचं तर: निर्देशांक साठ्याच्या प्रमाणात न बदलता साठ्याच्या ०.३ घातांकाने बदलतो असं समजा. मग साठा चौथाईवर आला तरी तासाची पकड फक्त ३४ टक्क्यांनी घटते. त्यात यंत्रांच्या सुधारणेने ४०-५० टक्के भर घातली की आलेख सपाट. वरून पाहणाऱ्याला सगळं आबादीआबाद.

उलट ट्रॅपवाले. त्यांची जागा ठरलेली, हंगाम ठरलेला, जाळं आजोबांच्या वेळचं. १९८२ नंतर त्यांना मासा कमी आणि बारका मिळू लागला, आणि ते ओरडू लागले. सरकारी शास्त्रज्ञांचं उत्तर होतं की किनाऱ्याजवळ पाणी थंड आहे म्हणून मासा आत येत नाही, साठा बाहेर सुखरूप आहे. हे स्पष्टीकरण सरसकट मूर्खपणाचं नव्हतं. थंड पाण्याचा परिणाम खरोखर होतो. पण ते एका वर्षाला लागू पडतं, सलग चार वर्षांना लावायला लागलं की शंका यायला हवी. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या संघटनेने शेवटी मेमोरियल विद्यापीठातल्या कीट्स, स्टील आणि ग्रीन या जीवशास्त्रज्ञांकडून १९८६ मध्ये स्वतंत्र तपासणी करून घेतली. निष्कर्ष: सरकारी पद्धत दरवर्षी साठा जास्त दाखवते आणि पुढच्या वर्षी मागचा आकडा गुपचूप खाली आणते.

यातला दुसरा भाग फार मोलाचा आहे. आज बहुतेक मूल्यमापनांत ही चाचणी करतात. सगळी आकडेवारी घेऊन साठा काढा. मग शेवटचं वर्ष झाकून पुन्हा काढा, मग शेवटची दोन झाकून, असं पाच वर्षांपर्यंत. प्रत्येक वेळी ‘त्या वर्षी आपण काय म्हटलं असतं’ आणि ‘आज त्याच वर्षाबद्दल काय म्हणतो’ यांतला फरक आजच्या आकड्याने भागायचा, पाचांची सरासरी काढायची. हिला मोनचा रो म्हणतात. दीर्घायुषी माशांसाठी हा आकडा साधारण ०.२० च्या वर गेला, तर मॉडेल सवयीने फुगवून सांगतंय असं समजतात. फरक कधी वर, कधी खाली असेल तर चालतं. सगळे फरक एकाच बाजूला पडले तर नुसती सावधगिरी पुरत नाही. मॉडेलमध्ये घातलेली एखादी गोष्टच चुकलेली असते. बहुधा तीन संशयित असतात: न नोंदलेली पकड, बदललेला एम, किंवा घसरणीला दाद न देणारा निर्देशांक. न्यूफाउंडलंडमध्ये तिघेही कमी-अधिक हजर होते. बारका मासा समुद्रातच फेकून मोठा ठेवायची चाल होती, आणि फेकलेला मासा वयवार पकडीत येत नाही. तो हिशेबातून सुटला की लहान वयाचे मासे ‘धरलेच गेले नाहीत’ असं दिसतं.

१९८९: आकडा सुधारला, मर्यादा नाही

१९८९ च्या सुरुवातीला हिशेब नव्याने मांडला गेला आणि शास्त्रज्ञांनी कबूल केलं की साठा समजत होतो त्याहून बराच लहान आहे. नियम पाळायचा तर त्या वर्षाची मर्यादा १,२५,००० टन हवी होती. ठरली २,३५,०००. एकदम निम्मी केली तर कारखाने बंद पडतील, गावं उठतील, हे कारण होतं. आणि ते खोटं नव्हतं. सरकारने लेस्ली हॅरिस यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली, तिने १९९० मध्ये अहवाल दिला, एफ तातडीने खाली आणा म्हणून सांगितलं. मर्यादा हळूहळू उतरत राहिली. १९९२ साठी १,८५,००० टन ठरली, फेब्रुवारीत १,२०,००० वर आणली, जुलैत बंद.

घटणाऱ्या साठ्यावर पायरी-पायरीने मर्यादा कमी करणं म्हणजे काय होतं ते वरच्या टक्केवारीत घालून पाहा. समजा, मर्यादा वर्षाला १५ टक्के उतरते, साठा ३० टक्के. पकड घटत असताना एफ वाढतच जातो. मंत्रालयाला वाटतं कपात चालू आहे. माशाच्या बाजूने पाहिलं तर दर वर्षी फास घट्ट होतोय.

हचिंग्ज आणि मायर्स या मत्स्यशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार अंडी घालण्याजोग्या माशांचं वजन १९६२ मध्ये सुमारे १६ लाख टन होतं, १९९२ मध्ये २२,००० टन.

आकड्यांआधी दिसणाऱ्या खुणा

मॉडेलला हात न लावता काही गोष्टी नोंदवहीत दिसत होत्या.

वयं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला पकडीत दहा वर्षांवरचे मासे नियमित असत. ऐंशीच्या अखेरीस पकड पाच-सात वर्षांच्या माशांवर येऊन टेकली. म्हणजे मासेमारी एक-दोन पिढ्यांच्या जिवावर चालली होती. एक पीक गेलं की पुढे काही नाही. वयवार पकडीचा लघुगणक घेऊन उतरत्या बाजूचा उतार काढला की एकूण मृत्युदर मिळतो, कुठलंही मॉडेल न चालवता. हा उतार दरवर्षी काढून भिंतीवर लावायला पाच मिनिटं लागतात.

प्रौढ होण्याचं वय. ते सहाच्या आसपासून पाचाकडे आलं. लवकर अंडी घालणारा मासा ही चांगली बातमी वाटते, पण पहिलटकरीण लहान मादीची अंडी कमी आणि कमकुवत असतात. शिवाय ‘प्रौढ वजन’ या आकड्यात हे लहान मासे मिसळले की साठा तब्येतीत असल्याचा भास होतो.

पसारा. सर्वेक्षणात रिकाम्या ओढींचं प्रमाण वाढत जाणं, मासा उत्तरेकडून नाहीसा होऊन दक्षिणेला खोल पाण्यात गोळा होणं. सरासरी स्थिर आणि रिकाम्या ओढी वाढत्या, हे चित्र दिसलं की थवेबाजी चालू आहे असं खुशाल लिहावं. सरासरीचा तक्ता कुणीही मागतं; रिकाम्या ओढींचा तक्ता आपणहून जोडावा लागतो.

एम ०.२, कायमचा?

बंदीनंतर मासा वाढायला हवा होता. १९९३-९४ च्या सर्वेक्षणांत तो आणखी घटला. इथून एक वाद सुरू झाला आणि तो पूर्ण मिटलेला नाही. एक बाजू म्हणते, मासेमारीनेच संपवला, फक्त नोंद कमी झाली. दुसरी म्हणते, नव्वदच्या सुरुवातीला पाणी कमालीचं थंड होतं, कॅपेलिन कोसळला, आणि कॉड उपासमारीने मेला. म्हणजे एम ०.२ राहिलाच नव्हता. पकड आणि एक सर्वेक्षण एवढ्यावरून एफ आणि एम वेगळे करता येत नाहीत, दोघेही मासा कमीच करतात. वेगळे करायला खूण बांधलेले मासे लागतात: शंभर सोडले, किती मच्छीमारांनी परत आणले, किती कायमचे गेले. नंतरच्या मॉडेलांत सर्वेक्षण, खूण बांधलेले मासे आणि वयवार पकड एकत्र घालून एम दरवर्षी बदलू दिला, आणि पकडीचा आकडा अचूक न मानता वर-खाली दोन मर्यादांत धरला.

जाळंसुद्धा मध्येच बदललं. १९९५ पासून एंगेलच्या जागी कॅम्पेलन हे बारीक आसाचं (लहान भोकांचं) कोळंबीचं ट्रॉल आलं, तीन नॉट वेगाने १५ मिनिटं ओढायचं. नव्या जाळ्यात बारका कॉड पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त येतो. जुने-नवे आकडे सरळ जोडले तर नव्वदच्या मध्यावर पिल्लांचं घबाड सापडल्यासारखं वाटेल. म्हणून दोन जहाजांनी शेजारी-शेजारी दोन्ही जाळी ओढून लांबीवार गुणक काढले. सर्वेक्षणाचं जाळं, वेग, जहाज यांतलं काहीही बदलण्याआधी अशा जोडओढी झाल्या नाहीत, तर तोवरची सगळी मालिका फुकट जाते.

फूटपट्टी बदलली तेव्हा

साठा धोक्याबाहेर आला हे कशावरून म्हणायचं? २०१० मध्ये कॅनडाने धोक्याची रेषा ऐंशीच्या दशकातल्या प्रौढ साठ्याच्या सरासरीवर आखली. २०२३ मध्ये हिशेब १९५४ पर्यंत मागे नेला, रेषा नव्याने काढली आणि ती ३,१५,००० टनांवर, आधीपेक्षा कितीतरी खाली आली. मासे तेवढेच होते, पण साठा ‘गंभीर’ पट्ट्यातून ‘सावध’ पट्ट्यात गेला. २०२४ मध्ये बंदी उठवून कॅनडाच्या हद्दीत १८,००० टनांची मर्यादा जाहीर झाली.

लांब मालिका वापरणं तंत्रदृष्ट्या बरोबर आहे, त्यात लबाडी शोधायचं कारण नाही. पण असा बदल झाला की अहवालाच्या पहिल्या पानावर दोन ओळी हव्यात: मासे किती वाढले म्हणून पट्टा बदलला, आणि रेषा किती खाली आली म्हणून बदलला. हे दोन आकडे वेगळे छापले नाहीत, तर वाचणारा सगळं श्रेय माशाला देतो.

आपल्या बंदरावर

कोकणात हेच काम करायचं झालं तर कॉडची पद्धत जशीच्या तशी चालत नाही. उष्ण पाण्यातल्या बहुतेक माशांच्या खड्यांवर वर्षाची वलयं स्पष्ट उमटत नाहीत, मासा वाढतो झपाट्याने आणि जगतो कमी. म्हणून इथे लांबीवरूनच हिशेब करतात. चुका मात्र त्याच घरच्या.

पापलेट घ्या, २०२३ मध्ये राज्यमासा झालेलं. डोळीच्या खोल्यात पिल्लं येतात, दालदीत (पाण्यात भिंतीसारखं उभं राहणाऱ्या, मासा कल्ल्यांशी अडकवणाऱ्या जाळ्यात) मोठं पापलेट. फक्त दालदीची लांबी मोजली तर समुद्रात पिल्लं नाहीतच असं वाटेल, फक्त डोळीची मोजली तर मोठा मासा उरलाच नाही असं. प्रत्येक जाळ्याचा नमुना त्या जाळ्याच्या महिन्याच्या एकूण पकडीपर्यंत वाढवून मगच एकत्र करायचा. नमुना वजनवार वर्गवारी होण्याआधी, होडीतून उतरताना घ्यायचा. लिलावाच्या ढिगातून घेतलेला नमुना व्यापाऱ्याची निवड दाखवतो. पापलेटची शेपटी खोल दुभंगलेली, खालचं पातं लांब आणि सहज तुटणारं, म्हणून संशोधनात बहुधा फाट्यापर्यंतची लांबी घेतात. वहीत ‘लांबी १६ सेंमी’ एवढंच असेल, तर कुठपर्यंतची हे कळत नाही आणि तो आकडा वाया जातो. हलवा आणि कापरी हेही आकडेवारीत ‘पापलेट’ गटात येतात. तीन जातींची बेरीज स्थिर असताना त्यातलं एक कोसळू शकतं.

पकडीचे अंदाज केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था नमुना पद्धतीने काढते. निवडलेल्या बंदरावर पहिल्या दिवशी दुपारी १२ ते ६ आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ते १२ निरीक्षण होतं, रात्री उतरलेल्या मालाची चौकशी करून नोंद घेतात. होड्या १५ पर्यंत असतील तर सगळ्या मोजायच्या, त्याहून जास्त आल्या तर ठरावीक अंतराने निवडून. पद्धत भक्कम आहे. पण ‘फेरी’ हे एकक घेतलं की घोळ होतो. एक दिवसाची फेरी हळूहळू दहा दिवसांची झाली, इंजिनाची ताकद वाढली, जाळ्यांची लांबी वाढली, तर फेरीमागे मिळणारा मासा वर्षानुवर्षं वाढताना दिसेल. ट्रॉलरसाठी प्रत्यक्ष ओढीचे तास लिहायचे. दालदीसाठी जाळ्यांची संख्या, एका जाळ्याची लांबी, आसाचं माप आणि जाळं पाण्यात किती तास होतं ते. आणि रिकाम्या हाताने परत आलेली होडीसुद्धा नोंदवायची. ती बंदरावर थांबत नाही, सरळ घरी जाते, म्हणून वहीत येत नाही.